गंधारच्या डाव्या बाजूचा ओवेन

सुलक्षणा इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशन टेबलावर काहीही होवो, बाई ढिम्म हलायची नाही. पण लेकाची मॅच म्हटली की तिला एका जागी उभं राहवायचं नाही. लेक गंधार, वीस वर्षांचा, युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू हातात घेऊन, तो कुणाकडे फेकावा हे बघत उभा राहणारा. तो असा बघत असताना समोरचे धिप्पाड गडी त्याला आडवा करायला धावत येणार, आणि त्यांना अडवायला त्याच्यापुढे पाच पोरांची लाइन. लाइन भक्कम असली तर ठीक, नाहीतर क्वार्टरबॅकचं काही खरं नाही.

आणि ह्या लाइनचा तर सगळा आनंदीआनंद! कुणी नव्या विद्यार्थ्यांच्या फ्रेशर्स फेअरमध्ये फुकट हुडी मिळाली म्हणून आलेला, कुणी आदल्या दिवशीची उतरायच्या आत मैदानात हजर. नोव्हेंबरात एकदा गंधारचं डोकं असं आपटलं, की कितीतरी दिवस त्याला उजेड सोसवेना. तेव्हाच तिने बजावलं, "पुन्हा डोक्याला लागलं तर तिथल्या तिथे बाहेर यायचं. मेंदू सावरायच्या आत दुसरा दणका बसला तर माणूस हातचा जातो रे. मी घाबरवत नाहीये, खरंच सांगतेय."

"ओके, आई. पण तू मैदानात धावत यायचं नाही. प्रॉमिस कर. सो एम्बॅरसिंग!"

तिने वचन दिलं. आईच ती, देऊन बसली.

फेब्रुवारीतल्या ह्या मॅचच्या आधी लाइनमधल्या डाव्या टोकाच्या पोराचा गुडघा गेला आणि त्याच्या जागी ओवेन आला. वेल्सचा, फिजिक्स शिकणारा, अगदी काटकुळा. उजव्या हाताने फेकताना गंधारची पाठ नेमकी डावीकडे वळायची. म्हणजे पोराची अख्खी पाठ ह्या काडीच्या भरवशावर! सुलक्षणा काय करणार? आपल्या बायका करतात तेच तिने केलं. आदल्या संध्याकाळी पाचही जणांना लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं, पुरणपोळ्या केल्या आणि गंधारला वाढायला लावलं. "तुझ्यासाठी धक्के खातात ना ही पोरं? मग नीट आग्रह कर." ओवेनने पोळीवर कस्टर्ड मागितलं. सुलक्षणाने एक खोल श्वास घेतला आणि दिलं. पठ्ठ्याने चाटूनपुसून खाल्लं, आणि निघताना "थँक यू, काकू" म्हणाला. तिला तो फार आवडला.

पण पुरणपोळीने एका रात्रीत कुणी पहिलवान होत नाही. दुसऱ्या दिवशी समोरचा एक दांडगट ओवेनला बाजूला सारून सरळ आत घुसला आणि पाठमोऱ्या गंधारवर आदळला. हेल्मेट जमिनीवर आपटल्याचा आवाज मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सुलक्षणाला ऐकू आला. तिचे पाय उचलले गेले, आणि वचन आठवून तिथेच थांबले.

गंधार स्वतःच उठून कडेला आला. कोचने विचारलं, आज वार कोणता, मॅच कुणाशी, स्कोअर किती? त्याने धडाधड उत्तरं दिली. देणारच, हे प्रश्न टीममधल्या प्रत्येकाला पाठ होते. कोच म्हणाला, "गुड लॅड." गंधारने हेल्मेट पुन्हा हातात घेतलं.

सुलक्षणाने मैदानात पाऊल टाकलं नाही. कडेवरूनच हलकेच विचारलं, "राजा, काल संध्याकाळी काय जेवलास?"

"पिझ्झा. ऑबव्हियसली," तो हसून म्हणाला.

"गंधार, हेल्मेट खाली ठेव."

"आई, आय अ‍ॅम फाइन! डोन्ट स्टार्ट!" तो वळून मैदानाकडे निघाला.

ओवेन जवळच उभा होता, पडेल चेहऱ्याने. त्याला मराठी कुठलं कळायला? "त्याला काय विचारलंत, काकू?" त्याने इंग्रजीत विचारलं. तिने सांगितलं, काल काय खाल्लं ते. 'पिझ्झा' हे उत्तर त्याने ऐकलंच होतं. ओवेनचा चेहरा पांढराफटक पडला. काल गंधारने स्वतःच्या हाताने त्याला पोळ्या वाढल्या होत्या, कस्टर्डवरून चिडवलं होतं!

तो धावत जाऊन गंधारच्या पुढ्यात उभा राहिला.

"मूव्ह, ओवेन!"

"नाही."

गंधारने त्याला ढकललं. मग खांद्याने रेटलं, शिव्या घातल्या. ओवेन रडत होता, पण त्याने मातीत पाय घट्ट रोवले होते आणि तो तसूभरही हलला नाही. शेवटी गंधारच थकला आणि त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला.

हॉस्पिटलला जाताना ओवेन चिखलाच्या बुटांनिशी गाडीत मागे, गंधारशेजारी बसला. गंधार पुन्हा पुन्हा इंग्रजीत एकच विचारत होता, "आई, काल काय जेवलो आपण?" सुलक्षणा रस्त्यावर डोळे रोखून गाडी दामटत होती. म्हणून दर वेळी ओवेनच त्याला सांगत होता, "पुरणपोळी, मेट. तूच वाढलीस."