एक फेरी बाकी होती

मार्लिस ट्वाइटने एकेचाळीस कॉलेजांच्या कोचना ईमेल धाडले होते. उत्तर आलं एकीचंच. कोच हॅडिक्सनी लिहिलं होतं, बत्तीसशे मीटर अकरा मिनिटं पाच सेकंदांच्या आत धाव, तेही यंत्राने मोजलेलं हवं, मग आमच्या संघात तुझी जागा पक्की. मार्लिसने ते छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. आपल्याला ऑटिझम आहे आणि कुणी अंगाला हात लावलेला चालत नाही, हे तिने ईमेलच्या पहिल्याच ओळीत कळवून टाकलं होतं. लपवाछपवी तिला जमतच नसे.

मे महिन्यातला शनिवार होता, हंगामातली शेवटची शर्यत होती आणि हॅडिक्स स्वतः आयोवाहून गाडी हाकत आल्या होत्या. विस्कॉन्सिनच्या आमच्या या टापूत शाळेच्या शर्यती आईबापच पार पाडतात. कुणी सॉसेज भाजतं, कुणी उडीच्या खड्ड्यातली वाळू सारखी करतं. फळ्यावरची उरलेल्या फेऱ्यांची कार्डं उलटायची आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजवायची, हे काम त्या दिवशी गॉर्डन ट्वाइटने, म्हणजे मार्लिसच्याच बापाने, हौसेने मागून घेतलं होतं.

बत्तीसशे मीटर म्हणजे आठ फेऱ्या. मार्लिस दर फेरीला एक बोट दुमडायची. सहा बोटं दुमडली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती आणि वेळही हवी तशी चालली होती. लेक पहिली दिसताच गॉर्डनचं काळीज सुपाएवढं झालं. त्या भरात त्याने एकाऐवजी दोन कार्डं उलटली आणि घंटा बडवली.

झालं! मागच्या पोरी जीव खाऊन सुटल्या, तिला ओलांडून गेल्या आणि रेषेपलीकडे आडव्या झाल्या. यंत्रवाल्यांनी कॅमेरा बंद केला. मार्लिसची सातच बोटं दुमडली होती. ती धावतच राहिली.

"अगं ए, थांब! संपली शर्यत!" कुणीतरी ओरडलं.

तिने एकटीने आठवी फेरी पुरी केली. हॅडिक्सच्या हातातल्या घड्याळात अकरा मिनिटं दोन सेकंद झाले होते. पण हातातल्या घड्याळाची वेळ कोण धरतंय!

पंच म्हणजे गावातलेच निवृत्त गणिताचे मास्तर. ते म्हणाले, "कार्डांचा फळा बिघडला असेल, तर मंगळवारी शर्यत परत घेता येईल. माणसाची चूक असेल, तर मात्र निकाल हाच."

"मंगळवारपर्यंत मी जागा राखून ठेवते," हॅडिक्स म्हणाल्या.

"बिघडलाच होता," गॉर्डन घाईने म्हणाला. "कार्डं चिकटली हो एकमेकांना!"

पंच मार्लिसकडे वळले. "तू तर अगदी समोरून गेलीस. तुला काय दिसलं, पोरी?"

चेहरे ओळखायला तिला लहानपणी चित्रांवरून शिकवलं होतं. डॅडचा चेहरा तिला लगेच ओळखता आला. ते विनवत होते.

"चिकटली नव्हती," ती म्हणाली. "डॅडनी आधी एक उलटलं. मग माझ्याकडे बघून हसले. मग दुसरं उलटलं."

हॅडिक्सनी तिच्या खांद्याकडे हात नेला, मग आठवण होऊन मागे घेतला. "छान धावलीस," एवढंच म्हणून त्या गाडीकडे गेल्या.

परतताना गाडीत गॉर्डन म्हणाला, "अगं, नुसतं 'माहीत नाही' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मला माहीत होतं."

"रागावलीस माझ्यावर?"

तिने आत शोधून पाहिलं. राग असायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच सापडलं नाही. दाढ काढल्यावर गाल होतो, तसं सगळं बधिर होतं.

"कळत नाही," ती म्हणाली.

गॉर्डनने बाहीने डोळे पुसले. फाटकाशी गाडी थांबवून त्याने विचारलं, "उद्या किती वाजता उठवू, बाळा?"

"साडेपाचला. रोजच्यासारखं, धावायला."

आता कशासाठी, ते त्याने विचारलं नाही. तिलाही सांगता आलं नसतं.