लिंबापासून सव्वीस पावलं

सव्वीस

तौसीफनं कडुलिंबाच्या तोडलेल्या बुंध्याला टाच लावली, तोंड मशिदीच्या मिनाराकडं केलं आणि चालायला लागला. एक, दोन, तीन. मागनं कुदळ खांद्यावर टाकून कबर खोदणारे दस्तगीरचाचा येत होते.

दहा वाजून गेले होते. दीडला जोहरची नमाज, नमाजनंतर दफन. त्याचे अब्बा, उमर पिंजारी, पहाटे गेले होते, आणि गेली चार वर्षं त्यांचं एकच सांगणं होतं : मला माझ्या अब्बांच्या कबरीत ठेवा. माणसं वाढली, जमीन वाढली नाही, म्हणून जुनी कबर उघडून त्याच घरातलं माणूस तिथं ठेवायची इथली रीतच होती. फक्त जुनी कबर कुठली, हे सांगणारा लागतो. इथं दगड नाही, नाव नाही. चार पावसाळ्यांत जमीन सपाट.

सकाळी लोकांनी विचारलं तेव्हा तौसीफ पटकन बोलून गेला होता, "मला माहीत आहे." नऊ वाजता पुण्याहून पोचलेल्या मुलाला निदान एवढं तरी माहीत असायला हवं होतं.

चोवीस. पंचवीस. सव्वीस.

"इथं."

"नक्की?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

"अब्बा दर शब-ए-बरातीला कबरीवर जाऊन आले की फोनवर सांगायचे. लिंबापासून मिनाराकडं सव्वीस पावलं."

"तुझ्या आज्ज्याला सोळा वर्सं झाली. सोळा वर्सांत माणसाची माती हुती. पर शेजारचं कोण उघडलं तर..." त्यांनी बोलणं तिथंच सोडलं आणि कुदळ उचलली.

दीड हात

कुदळीचा आवाज बदलला. दस्तगीरचाचा थांबले.

"हात घाल."

तौसीफनं खड्ड्यात हात घातला. माती भुसभुशीत होती. दाबली की आत जात होती.

"ही बसल्याली न्हाय. खाली कोण तरी हाय, आणि लई जुनं न्हाय. आणखी दोन हात गेलो असतो म्हंजे?"

तौसीफनं हात झटकन बाहेर काढला. दस्तगीरचाचांनी माती परत आत लोटली, हातानं थापटली, फातिहा पढले. मग जमिनीला म्हणाले, "माफ करा पावणं. चुकून दार वाजलं."

ते उठले. "ह्यो एक डाव झाला. दुसऱ्यांदा चुकलास तर मी कुदळ लावणार न्हाय. त्या कोपऱ्यात नवी ओळ धरलीय, तिथं ठेव बापाला."

नवी ओळ गटाराच्या भिंतीला लागून होती. तिथं अब्बांच्या ओळखीचं कुणीच नव्हतं.

फोनवर ऐकलेले आकडे

पहिल्या वर्षी : अठरा.

तीन-चार वर्षांनी : वीस.

गादी कारखान्याच्या माळ्यावरून अब्बा पडले, खुबा मोडला, त्यानंतर : तेवीस.

यंदा : सव्वीस.

"अब्बा, कबर सरकायला लागली काय?" तो पुण्यातनं हसत म्हणाला होता. अब्बाही हसले होते. फोन ठेवल्यावर तो बायकोला म्हणाला, अब्बांना आता आठवत नाही.

अठरा, वीस, तेवीस, सव्वीस. यातला खरा कुठला? अकरा वाजायला आले होते.

गच्ची

फोन वाजला. नसरीन, त्याची धाकटी बहीण.

"काय रं, तुला माहीत हाय म्हणालतास की."

"नसरीन, आत्ता नको."

"मी कुठं काय म्हंते. फुफी बोलणार हाय. ह्या गुडघ्यांवर तीन जिनं चढून आलीया. घे."

कुलसुमफुफीचं घर कबरस्तानाच्या भिंतीला लागूनच होतं. अब्बा शेवटची चार वर्षं बहिणीकडंच राहिले, आत्ताही तिथंच, खालच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होते. तौसीफनं फोन स्पीकरवर टाकून वर बघितलं. गच्चीच्या कठड्यावर दोन डोकी दिसली.

"तौसीफ, केवढा लांब गेलास रं? तिथं तांबोळ्याची सून हाय. पाच वर्सं झाली."

दस्तगीरचाचांनी कानाच्या पाळ्या धरल्या.

"तुला दिसतं, फुफी?"

"सोळा वर्सं दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटली की हितं धुणं वाळत घालते. बाईला आत येता येत न्हाय, गच्चीवर कोण अडवतंय? माझा भाऊ लिंबापास्नं निघायचा आणि अब्बांपाशी जाऊन बसायचा, तवर मी एकच चादर झटकत ऱ्हायची."

"मग सांग, कुठं? डावीकडं का उजवीकडं?"

"तसं न्हाय सांगता यायचं. हितनं समदी जमीन सारखीच दिसती. मला त्येचं चालणं ठावं हाय. परत लिंबापाशी जा. तुझ्यासारखा चालू नगं. त्येच्यासारखा चाल."

चालणं

एक. उजवा पाय पुढं, डावा ओढून त्याच्या शेजारी.

"एवढं न्हाय. लंगडा नव्हता त्यो."

दोन. तीन. चार. गादी शिवताना अब्बा याच डाव्या गुडघ्यानं कापूस दाबून धरायचे, दाभण दातांत.

सहा. "खांदा पाड जरा उजवा. हां."

नऊ. आज्जा. नाव बादशहा, आणि खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली. शाहूपुरीत शिरले की तार छेडायचे. हाक मारायची गरज पडली नाही कधी.

अकरा. जुनी गादी उसवून, खळगे बघून आज्जा सांगायचे, या बाजूला झोपतंय त्याला झोप न्हाय. घरातलं कुणीतरी मान खाली घालायचं.

चौदा. "थांब. हितं दम खायचा त्यो. हात कमरंवर."

तौसीफ थांबला. हात कमरेवर. त्याला खरंच दम लागला होता.

सतरा. आज्जा गेले तेव्हा तौसीफची परीक्षा होती. तिसऱ्या दिवशी आला. अब्बा रागावले नाहीत. नुसता आकडा सांगितला.

एकोणीस. वीस.

एकविसाव्याला तो थबकला. कबर जागची हललीच नव्हती. वर्षागणिक अब्बांचं पाऊल आखूड होत गेलं, आणि ते इमानानं परत मोजून मुलाला कळवत राहिले. आपण किती थकलो हे त्या माणसानं दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगितलं नाही.

"चाल की."

तेवीस. चोवीस. पंचवीस.

सव्वीस.

"थांब," फुफी म्हणाली. त्याच क्षणी.

मग फोनवर नसरीन : "रडाय लागली. पर मान हलवतीय. तिथंच."

तीन हात

दस्तगीरचाचांनी बिस्मिल्ला म्हटलं. एक हात. तौसीफ प्रत्येक घाव कानांनी चाचपत होता. दीड हात. कुदळ उसळून वर आली.

"बसलीया," दस्तगीरचाचा म्हणाले.

दोन हात. पुढं त्यांनी कुदळ ठेवली आणि खुरप्यानं माती काढायला लागले. तीन हातांवर काही पांढरट तुकडे. त्यांनी खांद्यावरचा रुमाल सोडला. "तोंड फिरव. मी एका अंगाला लावून घेतो."

"मला बघू द्या."

"बघ मग. त्येच हैत का, हे माती सांगत न्हाय बाबा. पर सोळा वर्सांचं नक्की, आणि गच्चीवरचं माणूस खोटं बोलायचं न्हाय."

बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

अठरा

तीन मुठी माती टाकून लोक पांगले. तौसीफ लिंबाच्या बुंध्याशी परत गेला. टाच लावली आणि या वेळी स्वतःच्या पायांनी चालला, ताज्या ढिगापर्यंत. नसरीनला फोन लावला.

"अठरा," तो म्हणाला. "लिहून ठेव. आत्ता अठरा."

कठड्यावरचं एक डोकं दुसऱ्याकडं वळलं.

"फुफी इचारतीया, परत कधी येणार मोजायला?"

"जुम्म्याला."

"कुठल्या?" नसरीननं विचारलं.

वर फुफी चादर झटकत होती.

"ह्याच."