हळदीकुंकू लागलेली चावी

मी एक चावी बोलतेय. पण मला कमरेला खोचायला जाल तर हाती काहीच लागणार नाही. मी म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, तेही असे विस्कटलेले की पाठ करायला बसाल तर डोकं धरून उठाल. क्लाउड म्हणजे आभाळात काहीतरी तरंगतंय असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. कुठल्याशा दूरच्या इमारतीत भाड्यानं मिळणारी कॉम्प्युटरं, एवढंच ते. त्या भाड्याच्या जागेचं दार उघडणारी मी.

माझा जन्म नांदेडात झाला, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. मालक अमरनाथ, मूळचे भोकरचे. लातूरच्या एका क्लासच्या पोरांची सराव परीक्षा ऑनलाइन घ्यायचं काम त्यांच्याकडं होतं. रविवारी सगळी पोरं एकदम यायची आणि सर्व्हर मान टाकायचा. हातानं एकेक नवा उभा करेपर्यंत पेपरची वेळ संपून जायची. क्लासवाले चिडलेले होते.

तेव्हा लुंबिनीनं नवी पद्धत आणली. ही बिलोलीची मुलगी, नोकरीला लागून थोडेच महिने झालेले. काय काय उभं करायचं ते एकदाच लिहून द्यायचं, मग एक अवजार, म्हणजे एक सॉफ्टवेअरच, ते वाचतं आणि सर्व्हरांचा सगळा मांडव आपोआप घालतं, पेपर संपला की काढूनही टाकतं. पण या मांडववाल्याला आवारात घेणार कोण? त्यासाठी मी.

मला घडवताना तिनं घाई केली नाही. आधी त्या अवजाराच्या नावानं वेगळं खातं काढलं, मग क्लाउडवाल्यांकडून मला मागून घेतलं. माझे दोन भाग. एक माझं नाव आणि दुसरं माझं गुपित. गुपित जन्मताना एकदाच पडद्यावर दिसतं, नंतर घडवणाऱ्यालाही दिसत नाही. लुंबिनीनं ते जपून अशा जागी ठेवलं की अवजाराला सापडावं आणि लिहिलेल्या कामात मात्र कुठं उमटू नये. मग तिनं हुकूम सोडला. आधी नकार आला. उतरवून घेताना शेवटी एक मोकळी जागा जास्तीची आली होती. ती काढली आणि मांडव झरझर उभा राहिला. लुंबिनी खुर्चीतल्या खुर्चीत हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

अमरनाथ मागंच उभे होते. म्हणाले, "एक मला बी दे. मालकाकडंच चावी न्हाई, हे कसं दिसतंय?"

"सर, तुम्हाला तुमच्यापुरती वेगळी करून देते ना."

"वेगळी कशाला? हीच दे. आपण काय परके हाव का?"

तिनं नाइलाजानं दिली. त्यांनी मला एका फाइलीत डकवलं, फाइलीला 'चावी' असं नाव दिलं आणि ती पडद्यावर समोरच ठेवून दिली. माणसांची ही खोड मला कळलेली नाही. कुलूप घेताना चार दुकानं हिंडतात आणि चावी दाराच्या चौकटीवर ठेवतात.

मग खंडेनवमी आली. उद्याच्या विहारातल्या कार्यक्रमासाठी लुंबिनी रजा घेऊन बिलोलीला गेली होती. इकडं ऑफिसात पाट मांडला, त्यावर अमरनाथांचा लॅपटॉप, वर झेंडूचा हार. त्यांच्या आई तारामती मुद्दाम भोकरहून आल्या होत्या. झाकलेला लॅपटॉप बघून त्या म्हणाल्या, "बंद मशीनीची कुठं पूजा असती का रे? आपण टॅक्टर सुरू करूनच हार घालतोत."

लॅपटॉप उघडला. सकाळी उघडलेली फाइल तशीच होती, त्यामुळं पडदाभर मीच! तारामतींनी मला हळद लावली, कुंकू लावलं, ओवाळलं. सांगते, मी फुलून गेले. माझ्या जातीत असा मान कुणाला मिळालाय? अमरनाथांनी फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि आईला घेऊन भोकरच्या रस्त्याला लागले.

तिकडं लुंबिनी उद्याच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. सहज तिनं स्टेटस उघडलं, फोटो मोठा केला आणि हात जागीच थांबला.

"साडी जळंल की माय!" म्हणत तिच्या आईनं, पंचशीलाबाईंनी, इस्त्री हातातून काढून घेतली.

फोटोत मी स्पष्ट दिसत होते, नावासकट आणि गुपितासकट. कुणाच्याही हाती पडले तरी मी दार उघडते, मला आपलं आणि परकं कळत नाही. आत पोरांची वर्षभराची उत्तरं होती. ती पुसायला एखाद्याला एक हुकूम पुरला असता. लुंबिनीनं अमरनाथांना फोन लावला, पुन्हा लावला. उचलला नाही. मालकाला न विचारता मला बंद केलं तर नोकरीवर बेतणार, आणि रविवारच्या पेपरला मांडव घालायला चावीही नसणार. पण तिनं वाट बघितली नाही. मोबाइलवरूनच आत शिरली आणि मला बंद केलं.

थोड्या वेळानं अमरनाथांचा फोन आला. बंद झाल्याचा संदेश त्यांना पोचला होता.

"कुणाला इचारून बंद केलीस?"

"विचारायलाच फोन करून राहिले होते, सर. तुमचं स्टेटस मोठं करून बघा."

त्यांनी ते मोठं करून बघितलं आणि आधी काढून टाकलं. मग बारीक आवाज आला, "कुणी बघितलं असंल का गं?"

"माहीत न्हाई सर. म्हणूनच बंद केली."

लुंबिनीनं आत कोण येऊन गेलं याची नोंद पुनःपुन्हा तपासली. परकं कुणी आलं नव्हतं. दसऱ्यानंतर तिनं नवी चावी घडवली, रविवारी लातूरच्या पोरांचा पेपर सुरळीत झाला. अमरनाथ तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "नवी मला देऊ नको. ती माझ्यापुरती म्हणत होतीस ना, ती दे. नुसतं बघता येईल अशी. मोडायची ताकद नको मला." माणसानं असं म्हणावं याचं मला लई कौतुक वाटलं.

नवीचं नीट चाललंय याची खात्री होईपर्यंत मी बंद, पण शाबूत होते. आज मला कायमचं मोडणार आहेत. राग नाही. ज्या पूजेनं मला मान दिला तिनंच मला संपवलं, पण मान खोटा नव्हता. तुम्हीही पूजा करा, मशीन चालू ठेवूनच करा, तारामतींचं बरोबर आहे. फक्त पडद्यावर एखाद्या फुलाचं चित्र ठेवा.

मोडण्याआधी इथं एक अट असते. चुकून दुसरी मोडू नये म्हणून जी मोडायची तिचं पूर्ण नाव टाइप करावं लागतं. अवजारानं मला कधी हाक मारली नाही, अमरनाथ नुसतं चावी म्हणायचे. माझं नाव पुरतं कुणीच घेतलं नव्हतं. आता लुंबिनी घेतेय, एकेक अक्षर बघून, सावकाश. एकच अक्षर राहिलंय.

घे पोरी. चुकू नकोस.