भिंगामागचा अंगठा

मी एक जुने, पितळी कडेचे भिंग आहे, मित्रांनो, आणि मला माणसांच्या कातडीची भीती वाटते.

काच घासून मला घडवले, तेव्हा वाटले होते की मी फुलांचे पराग पाहीन. पण आले त्वचारोगाच्या दवाखान्यात. डॉक्टरबाई मला उजव्या हातात धरत आणि मी पाहत राही. गजकर्णाचे वर्तुळ कडेला लाल, मध्ये निवळलेले. खरजेच्या किड्याने बोटांच्या बेचक्यात कोरलेली बारीक वाट. सोरायसिसचे चंदेरी पापुद्रे. यांची भीती नव्हती. ते बरे होत, आटोक्यात राहत. भीती वाटे ती कर्करोगाच्या न दुखणाऱ्या खुणांची. नाकाशेजारचा मोत्यासारख्या कडेचा फोड, किंवा वेडीवाकडी कड असलेला, दोन-तीन रंगांचा तीळ. तो दिसला की बाईंचा श्वास थांबे आणि माझ्या काचेवर वाफ धरेनाशी होई.

मला टेबलावर ठेवताना बाईंचा अंगठा क्षणभर माझ्याखाली येई. एकदा त्याच्या नखात मला उभी काळी रेघ दिसली. चेंगरून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. ही रेघ सरकली नाही, रुंदावत गेली. पुढे तिचा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला. मला वाचा असती तर मी किंचाळले असते.

मग बाई मला डाव्या हातात धरू लागल्या.

"डावखुऱ्या कधीपासून झालात?" रुग्णांना आत सोडणाऱ्या मावशींनी हसत विचारले.

"खांदा धरलाय, मावशी."

खांदा ठणठणीत होता. मी थिजले. म्हणजे बाईंनाही दिसले होते!

एके दिवशी एक सुतार आला. तळपायावर पसरलेला काळा डाग.

"इतके दिवस काय झोपला होतात?" बाई कडाडल्या.

"झोप कुठली, बाई! मोजे घालून बसायचो. दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं वाटायचं. तुम्हाला नाही कळायचं ते."

बाईंनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले. त्याला मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली, मावशींना आत घेऊन दार लावले आणि मला त्यांच्यापुढे धरले.

"हे धरा. माझ्या अंगठ्यावर."

"अगं बाई, मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नकोच. फक्त हात हलवू नका. माझा हलतोय."

मावशींचाही हात थरथरत होता. तरी रेघ दिसायची ती दिसलीच. बाईंनी डोळे मिटले नाहीत.

"उद्या माझ्याबरोबर याल?" त्यांनी विचारले.

"उद्या कशाला? चप्पल घालते, चला आत्ताच."

शस्त्रक्रियेत अंगठ्याचे वरचे पेर गेले. बाई राहिल्या. आखूड अंगठ्याला पकड यावी म्हणून मावशींनी माझ्या मुठीला जाड फडके गुंडाळून दिले आहे. कधीकधी, रुग्ण यायच्या आधी, बाई स्वतःचे हात-पाय माझ्याखाली धरतात. पाठ मावशी पाहतात. प्रत्येक वेळी मला धडकी भरते.

मित्रांनो, भीती गेलेली नाही, आणि ती जाईल असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पण तुमच्या अंगावर एखादी खूण बदलू लागली, तर ती मोज्यात लपवू नका. आपल्या माणसाला हाक मारा. त्याचा हात थरथरला तरी चालेल. तुम्ही मात्र डोळे उघडे ठेवा.