एमेच्या हातचं फडकं

बास्तियांने अठ्ठेचाळीस फडक्यांचा गठ्ठा माझ्या मागाशेजारी आदळला.

"काकू, परत घ्या. ही फडकी पाणी पुसत नाहीत, नुसती इकडून तिकडे ढकलतात. काल माझं गिऱ्हाईक ओल्या ग्लासातून वाइन प्यालं."

डोंगरावरची खानावळ त्याची. एवढी चार डझन पसंत पडली की वर्षभराचं काम तो देणार होता. नवरा एमे गेल्यापासून एकच माग चालू ठेवला होता मी, आणि पानगळीपर्यंत मोठं काम मिळालं नाही तर मागाची शेड विकेन, असा शब्द मुलीला देऊन बसले होते.

"धुतलीस का?" मी विचारलं.

"नवी कोरी फडकी कशाला धुवायची?"

मी कपाळावर हात मारला. आमच्या गावात लिननचं फडकं खळ लावून, कडक इस्त्री करूनच विकतात. धुतलेलं दिलं तर मुलीच्या रुखवतासाठी घेणारी आई तेच तोंडावर फेकेल, वापरलेला माल म्हणून. नंतर घरोघरी ते उकळतात, उन्हात टाकतात, पुन्हा उकळतात, तेव्हा कुठे ते पाणी टिपतं. हे कोणाला सांगावं लागतं असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक माझीच होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"पंधरा दिवस दे," मी म्हणाले.

"आठ. मग मी शहरातून यंत्राची मागवतो."

त्याच दुपारी अंगणात हंडा चढवला. खळ निघून पाणी पेजेसारखं झालं. फडकी कुरणावर पसरली, वाळली की पुन्हा हंड्यात. पण नुसतं धुऊन भागत नाही, फडकं वापरून मऊ करावं लागतं. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घरी सहा-सहा वाटली.

"निळ्या पट्ट्याचं आहे, फक्त ग्लास पुसायचे," शेजारच्या युगेतला बजावलं. "आणि तुझी ती ब्लूबेरीची टार्ट लांब ठेव."

"बाई गं, फुकटात भांडी पुसून घेतेस आणि वर हुकूम सोडतेस!"

"पुसायची तुझीच आहेत ना?"

आठ दिवस बोटं सोलवटली, पाठ धरली. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, एवढा अट्टहास कशासाठी?" मी फोन ठेवला. हंडा उकळत होता.

आठव्या दिवशी सत्तेचाळीसच धड परत आली. युगेतच्या एका फडक्यावर जांभळा डाग होता, हाताएवढा. ती दारातच उभी राहिली, आत यायची तिची हिंमत झाली नाही. नवं विणायला वेळ नव्हता. मग स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं माझं काढलं. एमेने विणलेलं, तीस वर्षांचं. ते गठ्ठ्यात घालताना मला रडू आलं. पण चार डझन म्हणजे चार डझन.

खानावळीत बास्तियांने ओला ग्लास घेतला, वरचं फडकं उचललं आणि एका फेऱ्यात ग्लास चकचकीत केला. दुसऱ्या फडक्यानेही एक पुसला. मग नेमकं एमेचं त्याच्या हाती लागलं. त्याने ते गालाला लावून पाहिलं.

"बाकीची चांगली आहेत. पण काकू, मला सगळी अशी हवीत."

"ते तीस वर्षं वापरलेलं आहे रे. माझ्या नवऱ्याच्या हातचं."

त्याने ते घाईने माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतला. घरी नेऊन मी तरी त्या फडक्याने भांडीच पुसली असती, दुसरं काय!

"नमुना म्हणून इथे खिळ्याला टांग. तुझी फडकी अशी झाली की परत दे. आणि आधी उकळायची, ऐकलंस?"

"कधी होणार अशी?"

"वीस वर्षं धर. पंचवीस."

"आणि मधे फाटली तर नवी कोण देणार? म्हणजे तोवर तुम्हाला माग चालू ठेवावा लागणार काकू."

"त्याच्यासाठीच तर आठ दिवस हात भाजून घेतले, गाढवा."

वर्षभराचं, बारा डझनांचं काम घेऊन मी डोंगर उतरले. स्वयंपाकघरातला खिळा रिकामा होता. तिकडे न बघता शेडमध्ये गेले आणि अंगातला कोटही न काढता धोट्यात सूत भरायला घेतलं.