दोन साक्षीदार

आप्पांनी टोस्टर सोडला नाही. ई-कचरा केंद्रातल्या बाईंनी तो टेबलाच्या पलीकडून धरला होता, आप्पांनी अलीकडून, आणि मध्ये टोस्टरच्या पोटाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी लोंबत होती.

"आधी वाचा," आप्पा म्हणाले. "मग घ्या."

बाई निळ्या कोटात होत्या आणि सकाळपासून लोकांचे जुने पंखे, फोन, वायरींचे गुंते उतरवून घेत होत्या. चिठ्ठीसकट आलेली वस्तू त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. त्यांनी वाचली. वस्तूचं नाव, घरात आल्याची तारीख, बंद पडल्याची तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं : 'आतील तार जळाली. दोनदा उपचार केले. तिसऱ्या खेपेस प्रयत्न सोडले.' त्याखाली 'बंद असल्याचे प्रत्यक्ष पाहिले' आणि दोन सह्या.

"सगळ्यांना अशाच आहेत का?" बाईंनी विचारलं.

"एकूण त्रेचाळीस," आप्पांची सून म्हणाली. तिने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की बाईंना हसावं की नाही ते कळेना.

आप्पांची चौतीस वर्षं एका हॉस्पिटलच्या दप्तरखान्यात गेली होती. तिथे मुदत संपली म्हणून कागद कोणी उचलून फाडत नसे. आधी यादी, मग कारण, मग ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं अशा दोघांच्या सह्या, आणि मगच तो कागद जगातून जाई. आप्पा निवृत्त झाले, दप्तरखाना तिथेच राहिला, नियम मात्र त्यांच्या पाठोपाठ घरी आला. सून लग्न होऊन आली त्याच्या चौथ्या दिवशी आप्पांनी तिच्यासमोर एक मेलेला मिक्सर ठेवला आणि हातात पेन दिलं. ती गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागली. नवऱ्याने चिठ्ठीकडे ढुंकूनही न बघता आपली सही ठोकली आणि तिच्या कानात सांगितलं, की या घरात तुला आपलं मानल्याची हीच खूण. पुढे दहा वर्षं प्रत्येक चिठ्ठीवर त्या दोघांच्या सह्या पडत राहिल्या, एकीखाली एक.

तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आप्पांचा मुलगा गेला. त्यानंतर घरात एकही वस्तू बंद पडली नाही. म्हणजे पडत होत्या, पण आप्पा नोंद करत नव्हते. इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, सुनेचा जुना फोन, सगळं नुसतंच खोक्यात जात होतं. दुसरा साक्षीदार नव्हता, त्याला कोण काय करणार? शेवटी मागच्या आठवड्यात सुनेनेच विषय काढला, की असं किती दिवस साठवायचं, या वस्तूंमध्ये विषारी माल असतो, नीट वेगळं करणारं केंद्र आता निघालंय, तिथे देऊन टाकू. आप्पा चटकन तयार झाले याचंच तिला नवल वाटलं. त्यांनी दोन दिवस बसून प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावली. फोनची एक फुगलेली बॅटरी होती, ती वाळू भरलेल्या डब्यात ठेवली आणि डब्यावर 'हळू' असं लिहिलं. नव्या तीन वस्तूंच्या चिठ्ठ्यांवर दुसरी सही शेजारच्या मास्तरांची घेतली. मुलाच्या कॉम्प्युटरची चिठ्ठी मात्र मास्तरांपुढे गेली नाही.

खोकी आणायला गाडी लागणार होती. सुनेने चष्म्याच्या दुकानातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना सांगितलं. निदान आप्पांना तिने एवढंच सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी होती की या चष्मेवाल्याने तिला लग्नाचं विचारलं होतं, आणि तिने दोन महिन्यांपूर्वी हो म्हटलं होतं, एका अटीवर. आधी आप्पांना सांगायचं. ऐकून आप्पांचा चेहरा पडला तर हे इथेच थांबवायचं, पुन्हा विषय काढायचा नाही. तो बरं म्हणाला होता. तेव्हापासून रोज सकाळी चहा देताना ती तोंड उघडायची आणि साखर पुरेशी आहे का, असं विचारून मोकळी व्हायची. आत्ताही तो बाहेर गाडीत बसला होता. खोकी आत आणून ठेवली, आप्पांना एक ओझरता नमस्कार केला आणि परत जाऊन बसला. आपण मध्येमध्ये नको, असं त्याचं म्हणणं. माणूस भिडस्त होता.

एकेक वस्तू टेबलावरून गेली. बाईंना आता चिठ्ठ्यांची गोडी लागली होती. रेडिओचं कारण त्यांनी मोठ्याने वाचलं ('वार्धक्य'), आणि आप्पांनी मान डोलावली. बॅटऱ्या एका पिंपात, काचेचे स्क्रीन दुसरीकडे, वायरी तिसरीकडे. एवढी काळजी घेऊन कोणी आणत नाही, बहुतेक जण पिशवी उलटी करून निघून जातात, असं बाई म्हणाल्या तेव्हा आप्पा सुखावले. सुनेकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की बघ, लोकांना किंमत आहे.

शेवटी कॉम्प्युटर राहिला. आप्पांनी तो जुन्या चादरीत गुंडाळून आणला होता. बाईंनी चादर सोडवली, चिठ्ठी पाहिली, आणि पेन हातात घेऊन विचारलं, "यावर बंद पडल्याची तारीख नाही. कधीपासून बंद आहे?"

"चालू आहे," आप्पा म्हणाले.

"गेल्या उन्हाळ्यापासून," सून म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुला काय माहीत?" आप्पांनी विचारलं. आवाज चढा नव्हता, उलट जरा घाबरलेला होता.

"रविवारी तुम्ही फिरायला गेलात की मी बटण दाबून बघायचे. दिवा लागायचा, पंख्याचा आवाज यायचा. मग बंद करून टाकायचे. उन्हाळ्यात एकदा लागलाच नाही." तिने चादरीची घडी घालायला घेतली. "तुम्हाला सांगणं जिवावर आलं."

आप्पांनी कॉम्प्युटरच्या काळ्या बटणावर बोट टेकवलं. "तू बाजारात गेलीस की मी दाबायचो," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुला कळलं तर तू खचशील."

बाईंना काम आठवलं आणि त्या पिंपांकडे निघून गेल्या. फोटो वगैरे सगळं दोन वर्षांपूर्वीच उतरवून घेतलेलं होतं, त्याची काळजी नव्हती. तरी सुनेचा हात त्या यंत्रावरून निघेना. वर्षभर एकमेकांना जपायच्या नादात दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली होती, आणि आपण अजून एक लपवतोय, हे तिच्या पोटात आता मावेना. ती आप्पांच्या शेजारी बाकावर बसली आणि बोलायला लागली. चष्मेवाल्याचं तिने सगळं सांगितलं. ओळख कशी झाली, त्याने कधी विचारलं, त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, अटीचंसुद्धा सांगितलं. सांगताना तिने आप्पांकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर 'बॅटरी कचऱ्यात टाकू नका' असा मोठा फलक होता, तो ती पुन्हा पुन्हा वाचत होती.

ती थांबली तेव्हा आप्पांनी खिशातून पेन काढलं, चिठ्ठी मांडीवर घेतली आणि रिकाम्या रकान्यात उन्हाळ्यातली तारीख लिहिली. त्यांना ती दिवसासकट पाठ होती. कारणाच्या रकान्यापाशी पेन थोडं अडलं, मग त्यांनी 'माहीत नाही' असं लिहिलं. चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने सही केली.

आप्पा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, जसे नेहमी उठत तसेच, आणि दाराकडे चालायला लागले. चेहरा पडला होता की नव्हता, तिला समजलंच नव्हतं. दाराच्या काचेतून तिला दिसलं की ते गाडीपाशी गेले, खिडकीवर बोटाने टकटक केलं, आणि चष्मेवाला इतक्या घाईने खाली उतरला की त्याचं डोकं दाराला लागलं. आप्पा काहीतरी बोलले. फार नाही, दोन-तीन वाक्यं. मग त्यांनी चिठ्ठी आणि पेन पुढे केलं.

चष्मेवाल्याने सही केली नाही. तो उभ्या उभ्या चिठ्ठी वाचत राहिला. एकदा वाचून झाल्यावर त्याने पुन्हा वरपासून सुरुवात केली. मग तो आप्पांना काहीतरी म्हणाला, आणि आप्पा क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिले. दोघं आत आले.

"यात लिहिलंय, बंद असल्याचं प्रत्यक्ष पाहिलं," तो बाईंना म्हणाला. कान लाल झाले होते. "मी तर पाहिलेलं नाही. एकदा वीज जोडून देता का?"

बाईंनी वायर आणून जोडली. चष्मेवाला कॉम्प्युटरपुढे वाकला. दाबण्याआधी त्याने सुनेकडे पाहिलं, तिने मान हलवली, तेव्हा त्याने बटण दाबलं. दिवा लागला नाही, पंख्याचा आवाज आला नाही. त्याने पुरेसा वेळ जाऊ दिला, मग आणखी एकदा दाबलं, कान जवळ नेऊन ऐकलं. सरळ उभा राहिला आणि सुनेच्या सहीखाली आपली सही केली, जपून, सगळी अक्षरं लागतील अशी.

बाईंनी स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घेतली आणि आतलं काही कोणाच्या हाती लागू नये म्हणून यंत्राने तिला तीन भोकं पाडली. आवाज फार मोठा नव्हता. आप्पांनी तो उभं राहून ऐकला. मग ते सुनेजवळ आले.

"वाचून सही करतो हा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "आपल्या पठ्ठ्याने दहा वर्षांत एक चिठ्ठी वाचली नाही. मी एकदा मुद्दाम टीव्हीच्या चिठ्ठीत कारण 'सर्पदंश' लिहिलं होतं. त्यावरही सही."

ती हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. आप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ते तिथेच, पिंपांच्या मध्ये उभे राहिले, आणि बाईंनी पावती लिहायला नको तितका वेळ घेतला.

बाहेर पडताना तिच्या मनात एकच येत होतं. घर आता रिकामं झालं होतं, आणि ती गेल्यावर आणखी रिकामं होणार होतं. तिला म्हणायचं होतं की आप्पा, तुम्ही आमच्याबरोबर चला. पण ते कधी यायचे नाहीत, हेही तिला माहीत होतं. तिने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पाच चष्मेवाल्याकडे वळले.

"रविवारी या तुम्ही. दोघंही. माळ्यावर अजून दोन खोकी आहेत, ती आज राहूनच गेली. एकट्याचं काम नाही ते. एका रविवारात उरकेल असंही वाटत नाही."

चष्मेवाल्याने मान डोलावली आणि प्रश्नार्थक नजरेने तिच्याकडे पाहिलं.

माळा तिने सकाळीच स्वतः झाडून घेतला होता. वर वायरीचा तुकडासुद्धा उरला नव्हता, आणि तेव्हा खाली शिडी धरून आप्पाच उभे होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतर घरातही, तो एक सर्पदंश सोडला तर, या माणसाने एकही खोटी नोंद केलेली नव्हती.

"हो ना," ती म्हणाली. "आणि चांगली जड आहेत."