फुलवाल्याच्या घरची म्हैस

मला इंग्रजी येत नाही, पण डोळे धड आहेत. आमची यशस्विनी नेमकं हेच विसरली आणि तिथेच फसली.

यशस्विनी म्हणजे माझी नात, माझ्या खंडोजीची लेक. इथे म्हैसुरातच, विजयनगर भागातल्या एका बँकेत कामाला जाते. संध्याकाळी परत आली की आम्ही दोघी टीव्हीपुढे बसतो, कोरियन सिरियल बघायला. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती वाचून यशू मला आपल्या भाषेत सांगते. आपली भाषा म्हणजे अर्धी मराठी, अर्धी कन्नड. पुण्याकडचं कुणी आलं की आमचं बोलणं ऐकून त्यांना हसू येतं. येऊ दे बापडं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, तेव्हापासून आम्ही असंच बोलतो.

तर ही सिरियल. एक फुलवाला पोरगा, गोरापान, केस कपाळावर आलेले. एक पोलीसवाली पोरगी, त्याच्याकडे फुलं घ्यायला येते. गावात खून पडतायत आणि खुनी शोधायचं काम तिच्याकडे. म्हणजे अर्धा वेळ प्रेम आणि अर्धा वेळ मुडदे. आत्ता दोघं हसत हसत आइस्क्रीम खात असतात, तेवढ्यात कुठल्यातरी पेटीतून हात बाहेर लोंबतो. हसावं की घाबरावं हेच कळत नाही. मला फार आवडली.

पण चार-पाच भाग झाले आणि तो फुलवाला मला खटकायला लागला. यशू सांगते तेव्हा त्याचं बोलणं साखरेसारखं, आणि डोळे बघावेत तर थंडगार. एकदा तो हातमोजे चढवत होता. मागे ते भीतीचं संगीत, समोर एक म्हातारा खुर्चीला बांधलेला. याने दात आवळून दोन शब्द टाकले.

"काय म्हणाला गं?" मी विचारलं.

"म्हणतो, ऊटा आयता? जेवलात का, विचारतोय."

"खुर्चीला बांधून?"

"स्वभावच प्रेमळ आहे अज्जी त्याचा."

म्हटलं असेल, परक्या मुलखाची रीत आपल्याला काय ठाऊक. पण पुढच्या भागात त्याने त्या पोरीला गच्चीच्या कठड्याशी नेऊन उभं केलं. ती रडतेय, आणि हा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटतोय. यशू डोळे मोठे करून सांगायला लागली, "म्हणतो, माझी आई आधी म्हशीला वैरण घालते, मग घरच्यांची पानं वाढते. मी तिच्याच हाताखाली वाढलोय. तुला कधी उपाशी ठेवणार नाही."

मी रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

"यशू, हा राहतो अकराव्या मजल्यावर. म्हैस काय लिफ्टने चढवतो?"

तिचा चेहरा असा उतरला की विचारू नका.

"म्हैस कुणाची आहे?" मी म्हटलं.

"मंजुनाथची," ती म्हणाली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मंजुनाथ इथल्याच जवळच्या वरुणा गावाकडचा, घरची शेती, ऊस, दुभती जनावरं. दुधाच्या पैशांच्या कामाने बँकेत यायचा, तिथे ओळख झाली. घरी कन्नड बोलणारी माणसं, आपल्यातली नव्हेत. आणि इकडे खंडोजीने तर रविवारी धारवाडच्या लोकांना मुलगी बघायला बोलावलेलं. मुलगा विश्वजीत, इंजिनियर, आपल्यातला, घोडदळाच्या वंशातलाच.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात सोयरीक तोंडाने ठरत नाही. घरातल्या थोरल्या बाईने मुलाच्या हातात विडा ठेवला की ठरली, मग राजा आडवा आला तरी मोडत नाही. आमच्या घरात थोरली बाई मी. रविवारी माझा विडा विश्वजीतच्या हातात पडला की यशू धारवाडला गेलीच म्हणून समजायचं. म्हणून ही बया रोज संध्याकाळी त्या खुन्याच्या तोंडात मंजुनाथचे गुण कोंबत होती.

असा राग आला मला. माझ्याच कोचावर बसून मलाच बनवते. आणि वाईटही वाटलं, की सरळ सांगायची हिंमत झाली नाही पोरीची. मी काय इतकी कडक आहे? आहे म्हणा.

"आधी तुला तो आवडू दे, मग सांगीन म्हटलं," ती नाक ओढत म्हणाली.

"मला कोण आवडायचा? तुझा नायक घटकेत फुलं देतो आणि घटकेत गळा दाबतो. एका माणसात दोन माणसं कोंबलीस तू. शनिवारी दुपारी त्याला घेऊन ये. तुझे अप्पा घरात असताना."

शनिवारी मंजुनाथ आला. उन्हाने रापलेला, शर्टाला कडक इस्त्री, हातात दुधाची स्टीलची बरणी. खंडोजी खुर्चीत पेपर नाकापर्यंत धरून बसला होता. बँकेतला ओळखीचा येतोय, एवढंच त्याला सांगितलं होतं. पण तो काही कुक्कुलं बाळ नाही, पेपर अजिबात उलटत नव्हता. माझी जेवणाआधीची गोळी यशूने नेहमीप्रमाणे स्टुलावर काढून ठेवली होती.

मी काहीही विचारावं, मंजुनाथचं आपलं "हौदु अज्जी" नाहीतर "इल्ला अज्जी". हो किंवा नाही, तिसरा शब्द नाही. मी हिरमुसलेच. म्हटलं, ती गोड गोड वाक्यं सगळी यशूच्याच पदरची होती की काय. मग वाटलं, सुखाच्या प्रसंगात काय, सगळेच गुणी. संगीत बदललं की माणूस कळतो. म्हणून मीच संगीत बदललं.

"दूध आणलंयस खरं. पाणी किती घातलंयस त्यात?"

यशूच्या हातातले कॉफीचे लोटे थांबले. खंडोजीचा पेपर खाली आला. मंजुनाथचे कान लाल झाले आणि तो उठून उभा राहिला. तो कन्नडमध्ये बोलला, मी आपल्या भाषेत सांगते. यशूसारखं नव्हे, जसंच्या तसं.

"अज्जी, मला काय हवं ते बोला. माझ्या आईच्या हातच्या दुधाला बोलायचं नाही. पहाटे उठून काढते ती."

"मग नीघ," मी म्हटलं. "आमच्या घरात कुणी आवाज चढवत नाही." हे ऐकून खंडोजीला ठसका लागला.

मंजुनाथ दारापर्यंत गेला. चपलेत पाय घातला. पुन्हा काढला. तरातरा माझ्यापुढे आला आणि त्याच चढ्या आवाजात स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "जातो. पण ही गोळी तशीच पडलीय. ती चुकली की तुम्हाला चक्कर येते, यशस्विनी सांगत असते. तुम्ही आधी घ्या, मग मी जातो." लोट्यात पाणी ओतून त्याने माझ्यापुढे धरलं. कपाळावर आठ्या तशाच, राग तसूभरही उतरला नव्हता.

त्या फुलवाल्याला राग आला की माणूसच बदलायचा. हा चिडला तरी हाच राहिला. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरले. मी मुकाट्याने गोळी घेतली आणि पानाचा डबा पुढे ओढला. पानाला चुना लावला, सुपारी ठेवली, विडा बांधला.

खंडोजी ताडकन उठला. "आई, काय करतेयस? उद्या धारवाडचे येणार आहेत."

"येऊ देत की. उप्पिट्टू करू, कॉफी देऊ," मी म्हटलं आणि मंजुनाथच्या हातात विडा ठेवला. "विडा मात्र हा दिला."

त्याला काही कळेना, तो नुसता विड्याकडे बघत राहिला. यशू मात्र भिंतीला टेकून रडायला लागली. खंडोजीने मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रीत मोडायची छाती त्याच्या बापाची नव्हती, त्याची कुठून असणार? शेवटी दात आवळून त्याने मंजुनाथकडे दोन शब्द टाकले.

"ऊटा आयता?"

यशूने डोळे पुसत माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघतेस काय? या खेपेला खरंच तसंच म्हणाला तो. जा, पानं वाढायला घे."